कोंडगड पडत नाही

“हे काय आहे?” नाईकनवरे सरांनी पडद्यावर बोट टेकवलं. बोट उचललं तेव्हा तिथे भडंगाच्या तेलाचा ठसा उमटला होता.

“बटण आहे, सर.”

“बटण आहे ते दिसतंय. वर लिहिलंय काय?”

“पावसाळा वगळा,” इम्रान म्हणाला आणि उगाचच माझ्याकडे बघितलं.

“पावसाळा वगळा,” सर स्वतःशी म्हणाले. “चार महिने. एका बटणात.”

“ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी, सर. ज्यांना हवा त्यांनी ठेवावा की.”

“मिरजेत बसून म्हणतोयस हे. इथं घाटात वगळता येतो का बघ एकदा.”

स्वयंपाकघरातून वहिनी हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि दोन्ही हातांनी डोळे चोळले. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि ते संध्याकाळच्या माणसासारखे दिसत होते.

मी दोघांच्या मध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वही घेऊन बसले होते. त्या रविवारी मला बोलावलं होतं ते साक्षीदार म्हणून. संध्याकाळच्या मिरजेच्या गाडीने इम्रान परत जाणार होता, आणि त्याच्याआधी सरांनी हो किंवा नाही सांगायचं होतं.

कशाला हो, ते सांगते. ‘घाटमाथा’ हे सरांचं मॉड. मॉड म्हणजे दुसऱ्याने केलेल्या गेममध्ये आपला नकाशा, आपली माणसं, आपले नियम बसवायचे. भाड्याच्या घरात स्वतःचं स्वयंपाकघर थाटल्यासारखं. मूळ गेम परदेशातला, लढाया आणि राज्यं चालवण्याचा. त्याच्या दुसऱ्या भागावर सरांनी हे बसवलं होतं. आम्ही सगळे त्या भागाला नुसतं ‘टू’ म्हणायचो. सर शाळेत चित्रकला शिकवायचे. प्रोग्रामिंगचा गंध नाही, पण इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांच्या टिपणांवरून शिकून त्यांनी एकट्याने सतराव्या शतकातला सगळा घाटमाथा उभा केला. गड, खिंडी, बाजाराची गावं, दोनशे बारा चित्रं. माउसने काढलेली. एकेका घोड्याला आठवडा.

बारा वर्षांत टू म्हातारा झाला. नव्या कॉम्प्युटरवर तो सुरूच होईना. एकेकाळी साडेतीन हजार लोक खेळायचे, ते एकशे चाळीसवर आले. आणि इम्रान मुजावर या मिरजेच्या सव्वीस वर्षांच्या पोराने, कोणालाही न सांगता, नोकरी सांभाळून दीड वर्ष खपून, आख्खा घाटमाथा ‘फोर’वर, म्हणजे चौथ्या भागावर, उचलून नेला होता. फक्त चित्रं सरांची होती आणि नाव सरांचं होतं. ते दोन्ही सरांनी दिलं तर घाटमाथा जगणार होता. नाही दिलं तर इम्रानचं दीड वर्ष वाया, आणि सरांची बारा.

“सर, तुम्ही नाही म्हणालात तर मी पुसून टाकीन,” असं तो आल्या आल्या म्हणाला होता. असं म्हणणारी माणसं बहुधा पुसत नाहीत. हा पुसेल असं मला वाटलं.

माझं काम चुका लिहून ठेवायचं. मी तहसील कचेरीत वारसनोंदींच्या टेबलावर. दिवसभर कोणाच्या पश्चात कोण ते लिहायचं आणि घरी येऊन घाटमाथ्यात काय बिघडलंय ते लिहायचं, असा माझा संसार. वहीत तोवर चारशे तीन तक्रारी होत्या आणि तक्रारीवरून माणूस ओळखायला मी शिकले होते. ‘गेम बंद पडला’ एवढंच लिहिणारा घाईचा. तो परत येत नाही. चार पानं लिहिणाऱ्याला गेम नको, बोलायला कोणीतरी हवं असतं. ‘माझ्या गावाचं नाव राहिलंय’ असं लिहिणारा मात्र दहा वर्षं टिकतो. त्याला जपायचं.

“मांड मग,” सर म्हणाले. “इकडं तुझा, तिकडं माझा. एकाच चालीपासून सुरू.”

दुपारपर्यंत दोन्ही पडदे शेजारी शेजारी चालले. सरांचा जुना कॉम्प्युटर जत्रेतल्या पाळण्यासारखा कुरकुरत होता. टूमधला नकाशा म्हणजे ओल्या गोणपाटावर रंग सांडल्यासारखा, आणि सैनिक मोहरीएवढे. फोरमध्ये सैनिकाच्या मिशीचे केस वेगळे दिसत होते, नदीत ढगाची सावली पडत होती.

“पाणी सुरेख आहे,” सर म्हणाले.

“थँक्यू, सर.”

“तू केलंस?”

“नाही. ते त्यांचंच आहे, गेमवाल्यांचं.”

“मग थँक्यू कशाला?”

इम्रान ओशाळून हसला. मग धीर करून म्हणाला, “सर, टूमध्ये शत्रू मूर्ख होता. एकाच खिंडीतून सतरा वेळा यायचा.”

“मूर्ख नव्हता. चिवट होता. आणि तुझा हा? हरायला लागला की तह करतो. तीन वेळा तह केला सकाळपासून. ही बादशाही फौज आहे की सोसायटीची मीटिंग?”

“फोरचे लोक चार तास बसत नाहीत हो, सर. त्यांना दर पाच मिनिटांनी काहीतरी घडायला लागतं.”

“आणि टूचे?”

“टूचे लोक जेवायला उठून जायचे पावसाळ्यात.” तो माझ्याकडे वळला. “ताई, तुम्हीच सांगा. आषाढ ते आश्विन चार चाली नुसतं बसायचं. फौज घरी पेरणीला. तुम्ही काय करायचात?”

“स्वेटर विणायचे,” मी म्हटलं. “दोन झाले. एक सरांच्या अंगावर आहे.”

वहिनींनी ताटं मांडली. जेवताना कोणी गेमबद्दल बोललं नाही, तेव्हा मला वाटलं सर नाही म्हणणार. त्यांचं मन नाहीकडे गेलं की ते आमटीत भात फार वेळ कालवतात.

जेवणानंतर इम्रानने ठेवणीतलं काढलं. “आता कोंडगड, सर.”

इथे जरा कोंडगडाबद्दल सांगायला हवं. घाटमाथ्यात चौतीस गड. त्यातला कोंडगड लहान, सरांच्या आजोळचा, आणि तो पडत नसे. तीस हजारांची फौज लावा, दोन वर्षं वेढा घाला, नाही पडायचा. माझ्या वहीतली एकसष्टावी तक्रार तीच होती: ‘कोंडगड पडत नाही.’ समोर सरांनी लाल शाईने लिहिलं होतं: ‘असंच ठेवायचं.’ मी त्यांना चिडवायची, “आजोळचा म्हणून लाड होय, सर?” ते दमल्यासारखे हसायचे आणि विषय बदलायचे.

लोकांना मात्र तो विषय पुरून उरला. खेळणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या फोरमवर कोंडगड का पडत नाही यावर निबंध आले. कोणी म्हणे पाण्याची टाकी, कोणी म्हणे तीन बाजूंचा कडा, कोणी किल्लेदाराची निष्ठा. खऱ्या कोंडगडावर, जिथे आजवर गुराख्यांशिवाय कोणी जात नव्हतं, तिथे पोरं ट्रेकला जायला लागली. आणि ‘कोंडगडकर’ या नावाने एक जण लिहायचा, तो तर सगळ्यांवर ताण. चौदाव्या वर्षी त्याने तो गड हातात घेतला होता आणि पुढे कधीच दुसऱ्या बाजूने खेळला नव्हता. तो इम्रान, हे आम्हाला त्या महिन्यातच कळलं होतं. फोरमवर कोणालाच माहीत नव्हतं.

फोरमध्ये कोंडगड दिसला तेव्हा वहिनीसुद्धा पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. कड्यावर गवत हलत होतं.

“लावतो वेढा,” इम्रान म्हणाला. तोफा लागल्या, शिड्या लागल्या, महिने सरले. गड उभा. “बघा. फोरमध्ये हे करायला मला अडीच महिने लागले. त्यांच्या नियमात न पडणारा किल्ला बसतच नाही. सगळं वळवून घ्यावं लागलं.” त्याने पिशवीतून तीन छापील पानं काढली. “आणि हे कारण. गेममध्ये वाचायला मिळेल. टाकी, कडा, किल्लेदाराचं घराणं, सगळं घातलंय.”

सरांनी पानं हातात घेतली. वाचली नाहीत. घडी घालून मांडीवर ठेवली.

“हे काढायला किती वेळ लागेल?”

“काय काढायला?”

“न पडण्याचं. गड पडला पाहिजे.”

इम्रानला वाटलं सर थट्टा करतायत. “सर, कोंडगड पडला तर मग उरलं काय? त्याच्यासाठी तर लोक…”

“लोकांचं राहू दे.”

“मी त्याच्यासाठी केलंय हे सगळं. सर, मी अकरावीत नापास झालो होतो. घरी कोणी बोलत नव्हतं. तेव्हा हा एकच…”

सर उठले, जुन्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले आणि पाठमोरेच बोलले. “तो पडला की गेम बंद पडायचा, इम्रान. म्हणून मी तो पडूच दिला नाही. बाकी काही नाही. टाकी नाही, कडा नाही, निष्ठा नाही. मला दुरुस्त करता आलं नाही. एकोणीस दिवस बसलो होतो, दिवाळीची आख्खी सुट्टी. शेवटी एक ओळ घातली: या गडाचं बळ कमी होणार नाही. गेम चालायला लागला. मग लोकांनी कौतुक सुरू केलं.”

मी वही मिटली. बारा वर्षं मी त्या लाल शाईला लाड समजत होते, आणि ती लाज होती.

“बघायचंय?” सरांनी ती ओळ पुसली, फौज आणली, वेढा घातला. तिसऱ्या महिन्यात तट ढासळला. क्षणभर पडदा थिजला आणि गेम नाहीसा झाला. मागे शाळेच्या सहलीचा फोटो तेवढा उरला.

मला वाटलं इम्रान उठून जाईल. तो उठला खरा, पण सरांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकला. “सरका जरा, सर. शेवटी काय करत होता ते बघू.”

“म्हणजे?”

“गेम बंद पडायच्या आधी काय करत होता ते लिहून ठेवतो तो. फाईल असते.”

“अशी फाईल असते?” सरांनी विचारलं. इतक्या हळू, की वहिनींनी माझ्याकडे बघितलं.

फाईल उघडली. त्यात दोनच नावं होती, एकाखाली एक, पानंच्या पानं. म्हाळोजी रायाजी. रायाजी म्हाळोजी. म्हाळोजी रायाजी. रायाजी म्हाळोजी. इम्रान खाली खाली जात राहिला, नावं संपेनात.

“कचरा झालाय फाईलचा,” तो म्हणाला. “तीच नावं फिरतायत.”

“कचरा नाही,” मी म्हटलं. “वारस हुडकतोय.”

दोघंही वळले. मला हसू येत होतं आणि ते दाबायला लागत होतं, कारण असं प्रकरण माझ्या टेबलावर महिन्याला एक तरी येतं.

“सर, कोंडगडाच्या किल्लेदारांच्या किती पिढ्या घातल्यात तुम्ही?”

“तीन. बाकीच्या गडांना एकेकच. याची वंशावळ मामाच्या घरात होती, म्हणून…”

“आजोबा म्हाळोजी रायाजी. मुलगा रायाजी म्हाळोजी. आणि नातवाला आजोबांचं नाव ठेवलं. म्हणजे नातू पुन्हा म्हाळोजी रायाजी. अक्षरन् अक्षर तेच. गड पडला, किल्लेदार बंदी झाला, गेम म्हणतो याचा वारस कोण? म्हाळोजीचा रायाजी. रायाजीचा म्हाळोजी. त्याला कुठं माहिती हा नातू आहे ते? तो समजतो आजोबाच परत आले. मग पुन्हा आजोबांचा मुलगा. फिरतोय बिचारा. आमच्याकडे उताऱ्यावर असंच झालं की मेलेला माणूस जमीन विकायला येतो.”

इम्रान आ वासून बघत होता. “परदेशात नाव ठेवत नाहीत का आजोबांचं?”

“ठेवत असतील. नंबर घालत असतील मागे, राजे-बिजे. तुम्ही काय करता, ताई?”

हे सरांनी विचारलं होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा मला ताई म्हणाले. भान राहिलं नव्हतं त्यांना.

“आम्ही थोरले-धाकटे लावतो, सर.”

इम्रानने नातवाच्या नावामागे ‘धाकटे’ लिहिलं. चार सेकंदांचं काम. सरांनी पुन्हा वेढा घातला. माउस दोनदा घसरला. तिसरा महिना. तट ढासळला. पडदा थिजला, आणि मग त्यावर एक चित्र आलं.

मी घाटमाथ्याचं प्रत्येक चित्र ओळखते. हे मी कधी बघितलं नव्हतं. गडाच्या पायऱ्यांवरून माणसं उतरतायत. गुरं पुढे, म्हातारी माणसं पाठुंगळी. एका बाईच्या डोक्यावर जात्याचा वरचा दगड. खाली मजकूर होता. इम्रानने मोठ्याने वाचला: “‘कोंडगड पडला. माणसं पहाटे उतरली. जात्याचा खालचा दगड जमिनीत रोवलेला होता, तो मागे राहिला.’ सर, हे कुणी लिहिलं?”

“मीच. पहिल्या वर्षी. पडल्यानंतरच्या चौदा घटना केल्या होत्या. गड पडल्यावर माणसं कुठं जातात, कोण ओळख देतं, कोण नाही देत. गेम बंद पडायचा, म्हणून कोणी बघितल्या नाहीत. मग मीही बघणं सोडलं.”

त्यांनी पुढची चाल केली नाही. चित्राजवळ वाकले. म्हणाले, “आभाळाला जांभळा जास्त झालाय.”

‘हो’ ते तेव्हाच म्हणाले. अटी दोन. फोरमध्ये कोंडगड पडू शकला पाहिजे आणि चौदाही घटना घ्यायच्या. आणि ज्याने काम केलं त्याचं नाव वर हवं. “कोंडगडकर-बिंडगडकर नको. खरं नाव. इम्रान मुजावर, मिरज.”

“आणि गड आता का पडतो, असं लोकांनी विचारलं तर?” इम्रान म्हणाला.

“मी लिहीन ना, काय झालं होतं ते,” सर म्हणाले.

तेव्हा मी मध्ये पडले. कोणी विचारलं नव्हतं. “कशाला, सर? लोकांच्या मनात तुमचं जे आहे ते राहू दे. बारा वर्षं निबंध लिहिलेत त्यांनी, त्यांचंही हसं होईल. इम्रान, तू एवढंच लिही: नव्या गेममध्ये गडांच्या बळाचा समतोल बदलला आहे. विचारलं नाही ते सांगायचं नाही, हे मी नोकरीत शिकले.”

सरांनी इम्रानकडे बघितलं. इम्रान म्हणाला, “ताई बरोबर बोलतायत, सर.”

त्याला गाडीत बसवून मी घरी गेले. फार शहाणपण केल्यासारखं वाटत होतं.

नवा घाटमाथा तीन आठवड्यांनी आला. पहिल्या दिवशी दोन हजार लोकांनी घेतला. दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी कोंडगड पडला. तिसऱ्या दिवशी कोणीतरी वर लिहिलेलं नाव वाचलं.

मी सवयीने लिहीत गेले. आठ दिवसांत सहाशे बारा तक्रारी. त्यातल्या नऊ गेमबद्दल. उरलेल्यांत गड कमी आणि आडनाव जास्त. ‘याच्या हातून पडणारच.’ ‘बारा वर्षं उभा होता, यांना दिला आणि पडला.’ ‘सरांना फसवून घेतलं.’ एकाने इम्रानच्या कंपनीचा पत्ता टाकला. एकाने, ज्याच्या गावाचं नाव मी सहा वर्षांपूर्वी नकाशात घालून घेतलं होतं, जे लिहिलं ते मी वहीत उतरवलं नाही. तो टिकणारा माणूस होता. दहा वर्षं टिकेल असा माझाच हिशेब होता.

मी इम्रानला फोन केला.

“मी ठीक आहे, ताई. सारखा फोन नका करू, ऑफिसमध्ये असतो.”

“सांगून टाक ना त्यांना. फाईल दाखव. माझं नाव घाल.”

“कसं दाखवू? सरांनी एकोणीस दिवस घालवले आणि मला वीस मिनिटं लागली, असं लिहू? नको.” मग म्हणाला, “अब्बांपर्यंत गेलं ते. कुणीतरी दाखवलं त्यांना. मला विचारतात, अरे, तू कुठला गड पाडलास?”

तो हसला. मला हसता आलं नाही.

“सरांना सांगू नका,” तो म्हणाला.

पण सरांनी वाचलं होतं. सगळं. मी गेले तेव्हा ते शर्टाची बटणं लावून कॉम्प्युटरसमोर बसले होते, शाळेत जायला निघाल्यासारखे. फोरमवर ते कधी दोन ओळींच्या वर लिहीत नसत. त्या दिवशी पानभर लिहिलं होतं. गेम कसा बंद पडायचा, ती एक ओळ कशी घातली, आजोबा आणि नातू, फाईल, सगळं. ‘कोंडगड अजिंक्य नव्हता. मला दुरुस्त करता येत नव्हता. इम्रानने तो दुरुस्त केला. बारा वर्षं तुमचं कौतुक मी घेतलं, त्याबद्दल क्षमा मागतो.’

“हे तेव्हाच लिहायचं होतं,” सर म्हणाले. मला उद्देशून नाही, पण खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

“माझ्यामुळे राहिलं, सर.”

“हो,” ते म्हणाले आणि बटण दाबलं.

पहिलं उत्तर चार मिनिटांत आलं. ‘सरांचं अकाउंट हॅक झालंय.’ दुसरं: ‘दबाव आणून लिहून घेतलं.’ तिसऱ्याने सरांच्या मराठीत आणि या मराठीत काय फरक आहे ते सात मुद्द्यांत दाखवलं. संध्याकाळपर्यंत तीसेक जणांनी इम्रानची माफी मागितली. तीसच. त्यांची नावं मला अजून पाठ आहेत. बाकीच्यांनी सरांनाच खोटं ठरवलं. त्यांच्या लेखी खरे सर म्हणजे न पडणाऱ्या गडाचे सर, हे लिहिणारे कोणीतरी बसवलेले. वेळेवर सांगितलेलं खरं आणि महिनाभराने सांगितलेलं खरं, यात किती अंतर असतं ते मला माझ्या टेबलावर रोज दिसत होतं. इथे दिसलं नाही.

सहा वर्षं झाली या गोष्टीला. अजूनही महिन्याला एखादा कोणी लिहितो. इम्रानने नाव बदललं नाही, काढलंही नाही.

पण मला सांगायचा आहे तो सरांनी लिहिल्यानंतरचा रविवार. इम्रान न कळवता आला. वहिनींनी दार उघडलं आणि आत चहा टाकायला गेल्या. मी तिथेच होते. सर उठून उभे राहिले. हात जोडू की काय असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं, तेवढ्यात इम्रान खुर्ची ओढून बसला.

“सर, चौदा घटना झाल्या. चौदावीत धाकटे म्हाळोजी परमुलखात शेती करायला लागतात आणि संपतं. पुढं?”

“पुढं सुचलं नाही.”

“गड परत घ्यायचा की नाही?”

“तुला घ्यावासा वाटतो? एवढं झाल्यावर?”

“मला नाही, त्यांना. म्हाळोजींना.” इम्रानने कीबोर्ड जवळ ओढला. “पंधरावी. गड परत मिळाला. झेंडा घेऊन धाकटे म्हाळोजी…”

“थांब,” सर म्हणाले. “झेंडा कशाला आधी? तीन पावसाळे टाकी उपसलेली नाहीत. शेवाळ असणार, मेलेली जनावरं असणार. पाणी नसेल तर झेंडा लावून करायचं काय?” ते त्याच्याशेजारी येऊन बसले. “आधी बादल्या, दोर आणि वीस माणसं. टाकी उपसून झाली की मग म्हाळोजींना बोलवा.”

“किती दिवस लागतील उपसायला?”

“आठ. नाही, दहा धर.”

“दहा,” इम्रान म्हणाला आणि लिहायला लागला. त्याच्या खिशातला फोन मध्ये मध्ये थरथरत होता. त्याने तो काढून उपडा टेबलावर ठेवला, आणि सरांनी त्यावर चहाची बशी ठेवली.